माउलींस जाहीर आभारपत्र

प्रिय माउली,

राम कृष्ण हरी.

९ जानेवारीच्या रात्री छत्रपती संभाजीनगरात आपली परभणीची बॅच जेवायला आणि बसायला एकत्र आली. त्या रात्रीची सगळी व्यवस्था तुम्ही पाहिलीत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र आहे. ते तुम्हाला एकट्याला न पाठवता सर्वांसमोर लिहिण्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. त्या रात्रीचे एक छायाचित्र कुणीतरी पुढे पाठवले, ते फिरत फिरत तुमच्या गावापर्यंत पोहोचले, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस ग्लास मांडलेल्या बैठकीत काय करत होता, अशी विचारणा दिंडीतल्या काही जणांनी तुमच्याकडे केली. तुम्ही नेहमीप्रमाणे हसून तो विषय सोडून दिलात. आम्हाला तो सोडवत नाही. तुम्ही तिथे काय करत होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा ते सांगण्याचे काम आमचेच आहे.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आपण एकत्र शिकलो. तुम्ही मधली काही वर्षे घरची शेती सांभाळून उशिरा शिकायला आलात, त्यामुळे वयाने मोठे; आणि पहाटे उठून हरिपाठ म्हणत असल्यामुळे वसतिगृहाने पहिल्याच महिन्यात तुम्हाला माउली केले. आज आपल्यातले कुणी कृषी खात्यात आहेत, कुणी बँकेत, दोघे जालन्याच्या बियाणे कंपन्यांत, एक मैत्रीण नांदेडला प्राध्यापक, काही जण पूर्णवेळ शेतकरी. भेटायचे सगळ्यांच्या मनात होते. परंतु ‘बसू एकदा’ असे म्हणणाऱ्या वीस जणांत जागा पाहणारा, फोन करणारा आणि पैशांचा हिशेब ठेवणारा एकही नसतो. ते काम तुम्ही आपणहून अंगावर घेतलेत. ज्याला त्या बैठकीत स्वतःसाठी एक घोटही नको होता, त्याने ते घेतले, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही.

सुरुवात तारखेपासून झाली. संक्रांत आटोपली की निवांतपणा मिळेल, म्हणून १६ जानेवारीचा शुक्रवार बहुतेकांनी सुचवला होता. तुम्ही भिंतीवरचे कालनिर्णय खाली काढलेत आणि सगळ्यांच्या अडचणी एका कागदावर मांडल्यात. मराठवाड्यातल्या पाचही महापालिकांचे मतदान १५ जानेवारीला आणि मतमोजणी १६ तारखेला होती. त्या दिवसांत मद्यविक्री बंद राहणार, आणि उघडे असलेले प्रत्येक हॉटेल कार्यकर्त्यांनी भरलेले असणार, हे तुम्ही सर्वांत आधी लक्षात आणून दिलेत. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने कृषी खात्यातल्या मंडळींना कोणताही शनिवार चालत होता, बँकवाल्यांना मात्र दुसरा किंवा चौथाच मोकळा. शनिवारी रात्री बसावे, तर आपल्यात शनिवार पाळणारे काही आहेत आणि ते मटणाला हात लावणार नाहीत. रविवारी बसावे, तर लातूर-नांदेडच्या मंडळींना सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे होते. २३ तारखेच्या शुक्रवारनंतर चौथा शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिनाचा सोमवार अशा तीन सुट्ट्या लागून येत होत्या, म्हणजे वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांनी शहरातली लॉज भरून जाणार. राहिला ९ तारखेचा शुक्रवार. अंगारकी ६ तारखेला होऊन गेलेली, एकादशी १४ तारखेला, दुसरा शनिवार दुसऱ्याच दिवशी. तुम्ही स्वतः एकादशी करता, तरी दुसऱ्यांचे शनिवार आणि चतुर्थ्या इतक्या बारकाईने मोजल्यात, याचे मला विशेष वाटते.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड होता. आपल्याकडे अशा रात्रीसाठी जे हॉटेल सहज सुचते, त्यात तळमजल्यावर परमिट रूम असते आणि वरच्या मजल्यावर फॅमिली सेक्शन. वर गेले तर कित्येक ठिकाणी पेय मिळत नाही, खाली बसले तर मैत्रिणींना अवघडल्यासारखे होते. पुरुषांनी खाली आणि मैत्रिणींनी वर बसावे, ही मागच्या भेटीत निघालेली तोड होती. वर बसलेल्या मैत्रिणी तेव्हा जेवण होताच निघून गेल्या आणि त्यानंतर त्यांनी ग्रुपवर बोलणेही कमी केले. तुम्ही ठरवलेत की एक तर सर्व जण एकाच जागी बसतील, नाही तर भेट होणारच नाही. कोण काय पिते आणि कोण पीत नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, मात्र बसण्याची जागा एक असली पाहिजे, असे तुम्ही स्पष्ट शब्दांत लिहिलेत.

तुम्ही जागा पाहायला दुपारी गेला नाहीत. दुपारी प्रत्येक हॉटेल शांत आणि स्वच्छच दिसते. तुम्ही आधीच्या शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे आपण ज्या वेळी बसणार होतो त्याच वेळी गेलात आणि शेजारच्या टेबलांवर कसली मंडळी बसतात, आवाज किती चढतो, मैत्रिणींना स्वच्छतागृहाकडे जाताना परमिट रूममधून जावे लागते का, त्या दाराला आतून कडी आहे का, पार्किंगमध्ये दिवा लागतो का, हे सगळे पाहून आलात. दोन जागा तुम्ही केवळ त्या कडीसाठी आणि त्या दिव्यासाठी नाकारल्यात. इतक्या वर्षांत पुरुषांनी ठरवलेल्या कार्यक्रमात कडीची चौकशी करणारा माणूस पहिल्यांदा भेटला, असे नांदेडच्या मैत्रिणीने नंतर सांगितले. तिचे आभार मी तिच्या वतीने या पत्रात नोंदवत आहे. शेवटी दौलताबादच्या रस्त्याला लॉन असलेले एक रेस्टॉरंट ठरले. तिथे शाकाहारी स्वयंपाकाची चूल आणि भांडी वेगळी आहेत, याची खात्री तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन करून घेतलीत. ती तुमच्या एकट्यासाठी नव्हती. आपल्यात शाकाहारी सहा जण आहेत.

कायद्याच्या बाजूकडेही तुम्ही कुणाचे मन न दुखावता लक्ष दिलेत. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाप्रमाणे मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, आणि एक दिवसाचा परवाना हॉटेलातही मिळतो, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हते. लातूरच्या मित्राबरोबर त्याचा बावीस वर्षांचा धाकटा भाऊ येणार होता. राज्यात सौम्य बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षापासून आणि कडक मद्य पंचविसाव्या वर्षापासून चालते, हे तुम्ही त्याला ऐन वेळी सगळ्यांदेखत न सांगता आदल्या दिवशी फोनवर सांगितलेत, आणि त्याच वेळी दुसऱ्या गाडीचे सारथ्य त्याच्याकडे दिलेत. आपल्याला काही नाकारले गेले आहे, असे त्या मुलाला रात्रभर एकदाही वाटले नाही. उलट किल्ली हातात आल्यावर तो सगळ्यांत जबाबदारीने वागला.

पैशांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मैत्रीत कटुता आली तर ती बहुधा तिथूनच येते. बिलाचे सरळ समान भाग पाडले, तर दही-भाकरी खाणाऱ्याला दुसऱ्याच्या व्हिस्कीचे पैसे भरावे लागतात. टीटीएमएम, म्हणजे ‘तू तुझे, मी माझे’ करायचे म्हटले, तर रात्री बारा वाजता मोबाइलच्या उजेडात कुणी किती पापड खाल्ले हे मोजत बसावे लागते. तुम्ही आधीच हॉटेलवाल्याशी बोलून खाण्याचे बिल वेगळे आणि पेयांचे वेगळे करून घेतलेत. जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो आणि मद्य जीएसटीच्या बाहेर असून त्यावर व्हॅट लागतो, त्यामुळे दोन बिले करणे त्यांनाही सोयीचेच आहे, हे मॅनेजरांनी लगेच मान्य केले. जेवणाचा खर्च सगळ्यांचा, पेयांचा फक्त पिणाऱ्यांचा. हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आला, त्यात गाड्यांच्या डिझेलपासून वेटर मंडळींना दिलेल्या बक्षिसापर्यंत सगळे होते.

परंतु त्या हिशेबात एक गोष्ट नव्हती, आणि ती नसणे हेच त्याचे मोठेपण. कुणी किती पैसे दिले, याची यादी तुम्ही टाकली नाहीत. आपल्या एका मित्राचे सोयाबीन गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पाण्याखाली गेले, बांधही वाहून गेला. तो ‘काम आहे’ असे सांगून येण्याचे टाळत होता. तुम्ही सर्वांना कळवलेत की अंदाजे खर्च इतका आहे, ज्याला जमेल तितके थेट माझ्याकडे पाठवा, कमी-जास्त मी पाहून घेईन, आणि यावर ग्रुपवर चर्चा नको. ज्यांचे पगार बरे आहेत त्यांनी आपणहून जास्त पाठवले, तो मित्र शंभर रुपये पाठवून आला, आणि त्या रात्री त्याला कुणाच्याही नजरेला नजर देताना संकोच वाटला नाही. ही हकीकत मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे. किंबहुना ‘हे लिहिलेच पाहिजे’ असा त्याचा आग्रह होता.

आता हुरड्याविषयी. कोणत्याही बैठकीत प्याले भरले की पिणारे टेबलाच्या एका टोकाला सरकतात, न पिणारे दुसऱ्या टोकाला सोडा आणि थम्सअप समोर घेऊन बसतात, आणि तासाभरात एकाच भेटीच्या दोन भेटी होतात. पिणारे मोठ्याने बोलू लागतात, न पिणाऱ्यांना घड्याळ दिसू लागते. तुम्ही टेबलच मांडू दिले नाही. लॉनच्या कडेला हॉटेलवाल्यांच्या परवानगीने जमीन उकरून आगटी केलीत, गोवऱ्यांचा आर पाडलात आणि तुमच्या शेतातून पहाटे कापून आणलेली ज्वारीची कोवळी कणसे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलीत. सतरंज्या आगटीभोवती गोल अंथरल्या होत्या. ग्लास ठेवण्यासाठी प्रत्येकाजवळ लहान स्टूल होते, त्यामुळे स्टुलावर बिअर आहे की ताक, याकडे कुणाचे लक्षही जात नव्हते. थोडी गूळभेंडी होती, थोडी आपल्याच विद्यापीठाची परभणी वसंत. कोणत्या वाणाचा दाणा चटकन सुटतो, कोणता अधिक गोड लागतो, यावर शेतीचे पदवीधर जितक्या गांभीर्याने वाद घालू शकतात तितक्या गांभीर्याने वाद झाला.

तुम्ही आराजवळ उकिडवे बसून कणसे फिरवत होता. भाजलेले कणीस तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवट, वाफाळते दाणे पुढच्या माणसाच्या ओंजळीत टाकायचे. तुमच्या तळव्यांना राख लागली होती आणि माळ धगीजवळ लोंबू नये म्हणून तुम्ही ती सदऱ्याच्या आत घेतली होती. बरोबर तिळाची आणि जवसाची चटणी, गुळाचा खडा आणि घट्ट दही. हातात व्हिस्कीचा ग्लास असलेला माणूस आणि हातात ताकाचा ग्लास असलेला माणूस एकाच ओंजळीतून खात होते. जानेवारीतली थंडी पाठीला लागत होती, म्हणून सगळे आपोआप पुढे, म्हणजे एकमेकांच्या जवळ सरकत होते. मी आजवर अनेक पार्ट्यांना गेलो आहे, पण न पिणारा माणूस जिथे मधोमध बसला आहे आणि बाकीचे त्याच्याभोवती आहेत, अशी ही पहिलीच पाहिली. माझ्या मते त्या रात्रीचे यश याच एका गोष्टीत होते, आणि ती आपोआप घडलेली नव्हती. तुम्ही ती विचारपूर्वक घडवलीत.

रिकाम्या पोटी पहिला पेग जाऊ नये, म्हणून हुरडा आधी आला. जेवण साडेनऊला लागले, तेही ठरवून. आपल्याकडे ‘अजून एक, मग जेवू’ म्हणता म्हणता अकरा वाजतात, स्वयंपाकघर आवरायला निघते आणि मग वातड झालेल्या भाकरीबरोबर गार रस्सा खावा लागतो. तुम्ही आचाऱ्याला वेळ सांगून ठेवली होती, त्यामुळे भाकरी तव्यावरून थेट ताटात आली. येसर मसाला घातलेला मटणाचा रस्सा होता, शाकाहारींसाठी शेवभाजी आणि भरली वांगी होती. जालना आणि लातूरच्या मंडळींना इथला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायचा होता. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्याशी या पदार्थाचे नाते सांगितले जाते, आणि आपण बसलो होतो त्याच रस्त्यावर पुढे तो किल्ला आहे. हॉटेले सहसा बाहेरचे अन्न आत येऊ देत नाहीत. तुम्ही मालकांशी बोललात, जुन्या शहरातल्या भटारखान्यात आदल्या दिवशी फोन करून ऑर्डर नोंदवलीत, आणण्यासाठी माणूस पाठवलात. जो पदार्थ तुम्ही जन्मात खाणार नाही, तो गरम पोहोचावा म्हणून तुम्ही दोनदा फोन केलेला मी ऐकला. त्या वेळी तुमच्या स्वतःच्या ताटात दही, ठेचा आणि अर्धी भाकरी होती.

परतीची व्यवस्था तर आम्ही आल्या आल्याच सुरू झाली होती. गेटवर तुम्ही प्रत्येकाकडून गाडीची किल्ली घेतलीत, तिला नावाची चिठ्ठी बांधलीत आणि सगळ्या किल्ल्या उपरण्याच्या गाठीत ठेवल्यात. दोघे जण कुरकुरले. त्यांना तुम्ही उपदेश केला नाहीत, फक्त नियम सांगितलात: १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यानंतर म्हणालात, ‘दंड तर भरता येईल, पण घरी वहिनींना मी काय सांगू?’ यापुढे कुणी काही बोलले नाही. रात्री तुम्ही आणि लातूरच्या त्या मुलाने सर्वांना घरी, लॉजवर पोहोचवलेत. मैत्रिणींना पहिल्या फेरीत सोडलेत आणि त्या दार उघडून आत जाईपर्यंत गाडी उभी ठेवलीत. सकाळी आम्ही उठलो तेव्हा आमच्या गाड्या आपापल्या ठिकाणी उभ्या होत्या, कारण तुम्ही पुतण्यांना घेऊन पहाटेच त्या आणून लावल्या होत्या. तुम्ही झोपलात कधी, हे अजून कुणाला कळलेले नाही.

आता तुमच्या गावातल्या मंडळींना आदरपूर्वक सांगतो. छायाचित्रात माउलींच्या शेजारी जे ग्लास दिसतात, ते आमचे आहेत. त्या रात्री माउलींनी ताक आणि पाणी घेतले. माळेचा कोणताही नियम त्यांनी मोडला नाही आणि आमच्यापैकी कुणी तसा आग्रहही केला नाही, कारण त्यांना आग्रह करण्याचे धाडस आमच्या बॅचमध्ये कधीच कुणाला झालेले नाही. ते तिथे नसते, तर आम्ही वीस माणसे कुठल्या तरी कोंदट खोलीत दोन गट करून बसलो असतो, आमच्यातला एक मित्र आलाच नसता, मैत्रिणी तर नक्कीच आल्या नसत्या, आणि किमान पाच-सहा जण नशेत गाडी चालवत घरी गेले असते. संगत कशी ठेवावी, हे माउलींना विचारण्याआधी त्यांच्या संगतीत आमचे काय झाले, हे कृपया आम्हाला विचारावे. त्यानंतरच्या महिन्यात दोन मित्रांनी पिणे बरेच कमी केले आहे. माउलींनी त्यांना एका शब्दानेही तसे सांगितले नव्हते, हेही इथे नोंदवतो.

माउली, आभार मानले की तुम्ही संकोचता, म्हणून आम्ही सर्वांनी मिळून एक गोष्ट ठरवली आहे. या वर्षी आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर तुमची दिंडी चालते, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका मुक्कामाचे रात्रीचे जेवण आमच्या बॅचकडे द्यावे. व्यवस्था आम्ही पाहू, तुम्ही फक्त पंगतीला बसायचे. बीडच्या मित्राने शेड आणि पाण्याचा टँकर सांगून ठेवला आहे, जालन्याचे दोघे भांडी आणतील, भाकरीची जबाबदारी मैत्रिणींनी न घेता पुरुषांनी घ्यावी, असे एकमताने ठरले आहे. दिंडीत साधारण किती माणसे असतात, कांदा-लसूण चालतो का, वयस्कर मंडळी किती वाजता जेवतात आणि कोणत्या गावचा मुक्काम सोयीचा पडेल, एवढे वैशाखापर्यंत कळवावे, म्हणजे रात्रीच्या वेळी जाऊन जागा पाहून येता येईल.

आपली,
परभणीची बॅच